बुटक्या दाराचे घर

मराठी मुलखातला सर्वांत जुना क्रीडा क्लब कोणता, असे विचारले तर उत्तर बहुधा एखाद्या जिमखान्याच्या नावाने येईल. पुण्यापुरते बोलायचे तर पी. वाय. सी. हिंदू जिमखाना १९०० सालचा आणि डेक्कन जिमखाना १९०६ सालचा. दोघांचीही स्थापनेची साले ठाऊक आहेत, कागदपत्रे आहेत, संस्थापकांची नावे आहेत. पण त्यांच्या आधी कित्येक पिढ्या पुण्याच्या पेठांत आणि मावळातल्या गावठाणांत एक क्रीडासंस्था नांदत होती. तिला सभासद होते, प्रमुख होता, सर्वांना बांधून ठेवणारे नियम होते, वर्गणी होती आणि स्वतःच्या मालकीचे एक लहानसे घर होते. ती तालीम. ‘शाळा’ म्हटले की संस्थाही येते आणि इमारतही, तसाच हा शब्द आहे. ‘आमची तालीम’ म्हणणारा माणूस वस्ताद, पोरे आणि चार भिंती यांत फरक करत नाही. हा फरक आज करावा लागतो, कारण संस्था नावापुरती टिकते आणि घर पाडले जाते. जुन्या तालमीची दुरुस्ती करावी की ती पाडून नवी व्यायामशाळा बांधावी, हा प्रश्न मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला, पुण्याच्या वेशीला टेकलेल्या लवळ्यासारख्या गावांपुढे आणि शहरातल्या पेठांपुढे सारखाच उभा आहे. माझे म्हणणे असे की दुरुस्तीच करावी. त्याचे मुख्य कारण भावनेचे नाही, पुराव्याचे आहे. तालमीने आपला इतिहास कागदावर लिहिला नाही. तो तिच्या घरात आणि कुस्तीच्या मातीच्या हौद्यात आहे. घर गेले की या मुलखाच्या इतिहासातले एक पान कायमचे कोरे होते.

हे घर दिसायला साधे असते. दगडी जोते, वर पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, कौलारू छप्पर. दार इतके बुटके की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. खिडक्या लहान आणि उंचावर. आत पाऊल टाकले की जमीन खाली उतरते आणि मधोमध हौदा लागतो. भिंतीतल्या कोनाड्यात किंवा समोरच्या देवळीत शेंदूर लावलेला मारुती. एका कडेला मल्लखांब, कोपऱ्यात जोड्या आणि गदा, भिंतीला लंगोट टांगायच्या खुंट्या. यातली एकही गोष्ट सजावटीची नाही. घामाने निथळणाऱ्या अंगावर वारे येऊ नये म्हणून खिडक्या उंच. माती थंड आणि ओलसर राहावी म्हणून भिंती जाड आणि हौदा जमिनीच्या पातळीखाली. हौद्यातली तांबडी माती चाळून घेतलेली असते आणि तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, काव, कापूर मिसळलेले असते. ती रोज उकरावी लागते, वेळोवेळी तिच्यावर पाणी शिंपडावे लागते. ती सुकून कडक झाली तर पोरांची अंगे सोलून निघतात, चिखल झाली तर पाय धरत नाही. म्हणजे माती नीट राहावी म्हणून हे घर असे बांधले गेले, आणि माती नीट राहिली म्हणून इथली कुस्ती अशी घडली. बुटक्या दाराबद्दल मात्र दोन उत्तरे मिळतात. एक म्हणजे वारा अडवण्यासाठी, दुसरे म्हणजे आत येणाऱ्याचे डोके मारुतीपुढे आणि मातीपुढे आपोआप लवावे म्हणून. इराणातल्या ‘जोरखाना’ या व्यायामगृहांतही जमिनीखाली उतरलेला आखाडा आणि वाकायला लावणारे दार आढळते. तालीम, वस्ताद, पहिलवान हे आपले शब्द अरबी-फारसीतून आले, तर धोबीपछाड, ढाक, मोळी अशी डावांची नावे इथल्या घरातली आणि रानातली आहेत. घराच्या रचनेतही असाच संगम असावा असे वाटते. तो तपासायचा तर जुनी घरे उभी असली पाहिजेत.

कागदाच्या बाजूने आपल्या हाती फार थोडे लागते. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे वर्णन आहे. पण ते राजदरबारातल्या मल्लांचे, गावच्या तालमीचे नव्हे. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापलेले अकरा मारुती चाफळ, मसूर, शहापूर, शिराळा अशा ठिकाणी आजही पाहता येतात. मारुतीची उपासना आणि बलोपासना यांची सांगड त्यांनी घातली हे खरे, पण त्यामुळे गावोगावची प्रत्येक तालीम समर्थांची ठरत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, असे परंपरा सांगते. त्यानंतर एकदम लहुजी वस्ताद साळवे यांचे नाव येते. १७९४ साली जन्मलेल्या आणि १८८१ साली वारलेल्या या वस्तादांची तालीम पुण्याच्या गंज पेठेत होती. जोतीराव फुले त्यांच्याकडे दांडपट्टा शिकले आणि वासुदेव बळवंत फडके यांनीही त्यांच्याकडून शिक्षण घेतले. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राला वळण देणारी ही माणसे ज्या मातीत घडली, त्या तालमीचे हजेरीपत्रक किंवा जमाखर्चाची वही आपल्यापुढे नाही. पुण्यातल्या गुरुजी तालमीचा गणपती १८८७ पासूनचा, लोकमान्यांनी उत्सवाला सार्वजनिक रूप देण्याच्या आधीचा आणि हिंदू-मुसलमान पहिलवानांच्या मैत्रीतून उभा राहिलेला. आज लोकांना गणपती ठाऊक आहे, हौदा किती जणांना आठवत असेल? पुढे बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली निघालेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’च्या दहा खंडांनी डाव, साधने आणि व्यायामप्रकार यांची अफाट नोंद केली. त्यांचे ऋण मोठे आहे. तरी कोश शरीराची नोंद ठेवतो, एकेका गावच्या घराची नाही.

मग या घरातून नेमके काय वाचता येते? जोत्याच्या दगडांची घडण पाहिली की ते मुळात तालमीसाठी रचले होते की जुन्या एखाद्या चौथऱ्यावर तालीम उभी राहिली, याचा अंदाज येतो. तुळईवर आज निरुपयोगी वाटणाऱ्या खाचा असतील तर ते लाकूड बहुधा दुसऱ्या कुठल्या वाड्यातून उतरवून आणलेले असते, कदाचित कुणीतरी ते तालमीला दिलेले असते. आढ्याजवळ लोखंडी कडी दिसली तर तिथे दोरीचा मल्लखांब होता असे मानायला जागा आहे. भिंतीत खाली माती आणि वर भाजकी वीट असेल तर घर बहुधा एकदा पडून पुन्हा उभे राहिले आहे. पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराने असंख्य घरे पाडली. तिथल्या जुन्या भिंतींतला असा सांधा त्या दिवसाकडे बोट दाखवू शकतो. दरवर्षी घातलेल्या नव्या मातीमुळे हौद्याची पातळी वाढते आणि मधूनमधून ती उपसून खाली आणावी लागते. त्यामुळे हौद्याच्या कडेच्या दगडावर पातळ्यांच्या रेघा उमटतात. दारावर ‘शिवकालीन तालीम’ अशी पाटी रंगवलेली असते, तिच्यापेक्षा या रेघांवर मी जास्त विश्वास ठेवीन. पाटी खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. ती गावाची श्रद्धा सांगते, आणि श्रद्धाही इतिहासाचाच भाग असते. पण ती खरी की खोटी हे ठरवण्याचे साधन ज्या भिंतीत आहे तीच भिंत पाडून आपण पाटी तेवढी नव्या इमारतीवर लावतो. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली पुरे केले. १९०२ च्या विलायतवारीत पाहिलेले रोमचे प्रेक्षागार त्यामागे होते, हे आपल्याला ठाऊक आहे. खासबागेला कर्ता आहे, साल आहे, पहिल्या कुस्तीच्या जोडीची नावेही आहेत. गावच्या तालमीला यातले काहीच नसते, म्हणून तिच्या भिंतींवरचा भार जास्त आहे.

मुळशीच्या बाबतीत हा भार आणखी वाढतो. हा तालुका इतिहासात ओळखला जातो तो १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध झालेल्या सत्याग्रहामुळे. त्या धरणाखाली गावे गेली, आणि गावांबरोबर त्यांच्या चावड्या, देवळे, तालमी असे जे काही उभे होते तेही पाण्याखाली गेले. पण हाच तालुका महाराष्ट्राच्या कुस्तीलाही मोठा आधार देऊन गेला. मुठा गावचे मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. या स्पर्धेमागे गावजत्रांचा एक अखंड पाया होता. नारळावरच्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या निकाली जोडीपर्यंतची दुपार आणि त्या दुपारसाठी वर्षभर तालमीत काढलेले जोर, मारलेल्या बैठका यांवर तो उभा होता. आज लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिसचा परिसर आहे, त्याच गावच्या हद्दीत फ्लेम विद्यापीठ आहे. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले आणि हा सगळा पट्टा शहराच्या नकाशात ओढला गेला. जमिनीला भाव आला. शेतजमिनीची नोंद सातबाऱ्यावर असते, पण गावठाणातल्या घरांना कित्येक पिढ्या तसा भक्कम कागदच नव्हता. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याचे काम चालू झाले. हा क्षण तालमींच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मारुतीच्या देवळाला लागून असलेले ते बुटके घर पत्रिकेवर कुणाच्या नावाने चढते? तालीम मंडळाच्या, देवस्थानाच्या, ग्रामपंचायतीच्या, की शेजारच्या घराच्या वाढीव पडवीत ते विरून जाते? पेठेतल्या वाड्याला निदान महापालिकेची वारसा यादी आहे. गावठाणातल्या तालमीला ही पत्रिकेवरची एक ओळच काय ते संरक्षण.

या सगळ्याला पहिला आक्षेप पहिलवानांकडूनच येतो, आणि तो वजनदार आहे. आंतरराष्ट्रीय कुस्ती मॅटवर होते. पोरगा मातीत अडकला तर पदक कुठून आणणार? खाशाबा जाधवांचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट त्यांना नवखी होती आणि ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. मला या उदाहरणातून उलटी गोष्टही दिसते. गोळेश्वरच्या मातीत घडलेला माणूस चार वर्षांत मॅट आत्मसात करू शकला. मातीने त्याची वाट अडवली नव्हती, तिने त्याला चिवटपणा दिला होता. शिवाय महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग आहेत आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांसमोर येतात. म्हणजे राज्यातली सर्वांत मानाची स्पर्धाच अजून मातीचा पहिलवान मागते. मॅट हवी, यात वाद नाही. पण मॅटला सपाट जमीन, उंच छत आणि भरपूर उजेड लागतो. हे सारे गावातल्या शाळेच्या सभागृहात किंवा पत्र्याच्या शेडमध्येही होऊ शकते. हौद्याला मात्र हेच घर लागते. तेव्हा मॅट जुन्या तालमीत कोंबण्यासाठी हौदा बुजवणे हे दोन्हींचे नुकसान आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. तालमीच्या मंडळाकडे दुरुस्तीला पैसे नसतात. बांधकाम व्यावसायिक म्हणतो की खाली दुकाने काढू, वर तुम्हाला नवी व्यायामशाळा देऊ, भाड्यातून मंडळ कायमचे उभे राहील. क्रीडा खात्याच्या व्यायामशाळा विकास योजनेतून बांधकामाला आणि साहित्याला अनुदानही मिळते. ही तडजोड अनेक मंडळांना शहाणपणाची वाटते. पण तिच्यात साधे भौतिकशास्त्र विसरले जाते. एक फूट जाडीच्या ओल्या मातीचे वजन दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते, आणि राहत्या घराची स्लॅब साधारण दोनशे किलोचा वापरभार धरून बांधलेली असते. शिवाय पाण्याची ओल आली. म्हणून तळमजला दुकानांना गेला की हौदा वर जात नाही, तो संपतोच. वर जातात ते ट्रेडमिल, डंबेल आणि आरसे. मिळते ती जिम, आणि जिमला जागेच्या इतिहासाशी देणेघेणे नसते, ती कुठेही चालते. हा निर्णय मंडळाच्या चार जणांच्या सह्यांनी होऊ नये अशी तजवीज कायद्यात आहे. तालीम सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे तिची स्थावर मिळकत विकायला किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. या मंजुरीच्या वेळी न्यासाच्या हिताचा विचार होतो. तालमीचे हित म्हणजे भाडे की हौदा, हा प्रश्न तिथे मांडला गेला पाहिजे, आणि तो मांडायला गावातले, पेठेतले लोक हजर असले पाहिजेत. खर्चाबद्दलही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लहानशा कौलारू घराची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने, वर्षाला एक काम असे करता येते. आरसीसी इमारत अर्धी बांधून थांबता येत नाही. ज्या मंडळाकडे वर्गणीशिवाय उत्पन्न नाही, त्याला पहिला मार्गच परवडणारा आहे.

तिसऱ्या आक्षेपाशी मला सर्वांत जास्त प्रामाणिक राहावेसे वाटते. तालमीचा इतिहास निर्मळ होता का? कित्येक हौद्यांत बाईला पाऊल ठेवू देत नसत. जातीची कुंपणे गावात होती तशी गावच्या हौद्याभोवतीही होती. गेल्या काही दशकांत जमिनीच्या पैशाबरोबर आलेल्या दांडगाईने ‘पहिलवान’ या शब्दालाच डाग लागला. २०१८ साली आलेल्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने या तालुक्याची ती बाजू साऱ्या महाराष्ट्रापुढे मांडली. अशी जागा जपून आपण काय जपतो? याचे उत्तर गंज पेठेत आहे. मातंग समाजात जन्मलेल्या वस्तादाकडे माळ्याचा जोतीराव आणि ब्राह्मणाचा वासुदेव शिकायला गेले, ते एकोणिसाव्या शतकात आणि तालमीत. कुंपणे होती आणि ती ओलांडणारेही होते, दोन्हींचा साक्षीदार हौदाच आहे. साक्षीदाराला घराबाहेर काढून अन्यायाची भरपाई होत नाही. बायकांबद्दलचा नियम माणसांनी केला होता, भिंतींनी नाही. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. दुरुस्त केलेल्या तालमीत मुलींसाठी वेळ ठेवला, कपडे बदलायला एक खोली काढली, तर घराचा इतिहास पुसला जात नाही, पुढे चालतो. आणि दांडगाईचे म्हणाल तर, पोरे पहाटे हौदा उकरायला जातात त्या गावाची चिंता मला कमी वाटते. हौदा बुजलेल्या गावाची जास्त वाटते.

शेवटचा आक्षेप वरवर तांत्रिक आहे, पण विचार करायला लावतो. तालीम कधीच जशीच्या तशी राहिली नव्हती. कौले बदलली, भिंती पडल्या, खांब नवे आले. मग आताच पुनर्बांधणीला विरोध का? कारण जुन्या काळची डागडुजी घराच्याच भाषेत होत असे. कुजलेला खांब गेला तर त्याच तळखड्यावर दुसरा उभा राही, भिंत पडली तर तीच माती कालवून पुन्हा रचली जाई. म्हणूनच थरांवर थर वाचता येतात. आरसीसीचा सांगाडा उभा राहतो तो जोते फोडून, पाया खणून, आणि मग मागचे काहीच वाचायला उरत नाही. अलीकडे सर्रास होणारी अर्धवट दुरुस्तीही तितकीच घातक आहे. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की भिंतीचा श्वास कोंडतो. हौद्याची ओल जमिनीतून भिंतीत चढते, बाहेर पडायला वाट मिळत नाही, क्षार साचतात, आणि चार-दोन पावसाळ्यांत गिलावा फुगून पापुद्र्यासारखा सुटतो. मग दोष जुन्या भिंतीला दिला जातो. मुळशीच्या पावसात तर हे लवकर घडते.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी एकही वीट न हलवता घराचे मोजमाप, नकाशे आणि छायाचित्रे. खाचा, कड्या, कोनाडे, रंगांचे थर, हौद्याच्या कडेच्या रेघा, सगळ्यांची नोंद. त्याच वेळी गावातल्या म्हाताऱ्या पहिलवानांकडून कोणता खांब कुणी दिला, माती कुठल्या माळावरून आणत, कोणत्या सालच्या जत्रेनंतर छप्पर बदलले, हे लिहून घ्यायचे, कारण या घराच्या वाचनाची किल्ली त्यांच्याकडे आहे. मग छप्पर, कारण लाकूड कुजते ते गळक्या कौलांमुळे. वासे आणि रिपा बदलाव्यात, चांगली कौले उतरवून पुन्हा वापरावीत. खांबांचे बुंधे बहुधा तळखड्याजवळ वाळवीने आणि ओलीने गेलेले असतात. तेवढाच भाग कापून नव्या सागाचा सांधा द्यावा, अख्खा खांब फेकू नये. भिंतीवरचे सिमेंट हलक्या हाताने खरवडून घाणीवर मळलेल्या चुन्याचा गिलावा द्यावा. विजेचे दिवे जरूर आणावेत, पण तारा तुळईत खिळे ठोकून नेऊ नयेत. पावसाचे पाणी जोत्यापासून दूर नेणारी चर खणावी. हौद्याला हात सर्वांत शेवटी लावावा. जुनी माती बाहेर टाकू नये. ती चाळून, उन्हात घालून, नव्या मातीत मिसळून परत भरावी, तेल-ताक-हळद घालून काही दिवस मुरू द्यावी. आणि ज्या पहाटे पोरे फावडी घेऊन ती उकरायला उतरतील, त्या पहाटेची तारीख मिळकत पत्रिकेच्या प्रतीबरोबर एका वहीत लिहून ठेवावी. तालमीच्या दफ्तरातला तो पहिला कागद असेल.